कॅरिअर नसलेली सायकल घेऊ नका

दहा-बारा हजारांत पुढे-मागे स्प्रिंग, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि वर २१ गिअर देणारी सायकल बदनापुरात कुणी घेऊ नये. पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण जून उजाडला की घरोघरी हीच सायकल मागितली जाते आणि दिवाळीच्या आत ती भिंतीला टेकून उभी राहते. मागच्या चाकात हवा नसते, गिअरची तार निघालेली असते आणि पोरगं पुन्हा वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून शाळेला जायला लागलेलं असतं.

पोराचा दोष नाही, खरेदीच चुकते. तेवढ्या पैशांत एवढ्या गोष्टी द्यायच्या म्हटलं तर कारखानदार प्रत्येक गोष्ट हलकीच देणार. त्या स्प्रिंगला शॉकअप म्हणतात खरं, पण आत दाब आवरणारं तेल नसतं, हवा नसते. नुसती गुंडाळी असते. पायडलवर जोर दिला की त्यातला काही भाग ती गुंडाळी दाबण्यातच जातो. मागची फ्रेम जिथे सांध्यावर हलते तिथलं बूश झिजतं आणि एका पावसाळ्यानंतर मागचं चाक डुलायला लागतं. डिस्कची पातळ चकती स्टँडवर दुसरी सायकल आदळली तरी वाकते, मग ती चाक फिरताना घासत राहते. पोराला वाटतं सायकल जड चालते, आणि ती खरोखरच जड चालते.

बदनापूर म्हणजे काय हे आधी लक्षात घेऊ. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधल्या हमरस्त्यावरचं तालुक्याचं गाव. जालना वीसेक किलोमीटर, संभाजीनगर चाळीसेक. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरचं स्टेशन. आसपासच्या खेड्यांतून पोरं-पोरी शाळा-कॉलेजला इथं येतात, माणसं तहसीलला, बँकेला, दवाखान्याला, बाजाराला येतात. कुणी स्टेशनवर सायकल लावून गाडीनं जालन्याला कामाला जातो. शहरातला माणूस सायकलवर ज्या कामांसाठी फिरतो ती सगळी कामं इथंही आहेत. रस्ता मात्र वेगळा आहे. हमरस्ता गुळगुळीत आणि त्यावर ट्रक. गावातली गल्ली सिमेंटची, मध्येच उखडलेली. आणि गाव सोडून आत वळलं की डांबर संपून खडी, खडी संपून काळी माती. एकाच फेरीत तिन्ही भेटतात.

महाराष्ट्रातल्या तूर पिकवणाऱ्याला बदनापूर माहीत आहे ते इथल्या कृषी संशोधन केंद्रामुळे. बीडीएन-७११ हा तुरीचा वाण याच केंद्रातला. कमी दिवसांत येणारा आणि कमी पावसात तग धरणारा, म्हणून शेतकऱ्यानं तो उचलला. बियाणं घेताना आपला शेतकरी जमीन विचारतो, पाऊस विचारतो, किती दिवसांत येईल विचारतो. पिशवीवरच्या चित्राकडे बघून बियाणं घेणारा एकही माणूस या तालुक्यात सापडणार नाही. सायकल घेतानाही हेच प्रश्न विचारायला हवेत आणि नेमके तेच विचारले जात नाहीत. रंग विचारला जातो.

मजबूत सायकल कुणाला म्हणावं? माझं उत्तर एका ओळीचं आहे. जी मोडली तर तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, त्याच दिवशी दुरुस्त होते, ती मजबूत. सायकल कितीही भारी असली तरी ती मोडतेच. तार तुटते, कोन सैल होतो, छर्रे झिजतात, चेन उतरते. साध्या सायकलीचा एकही सुटा भाग असा नाही जो बदनापूर-जालन्यात मिळत नाही. चौकातला मिस्त्री चाकाचा आऊट काढून देतो, फ्रीव्हील बदलून देतो, पोलादी फ्रेमला तडा गेला तर वेल्डिंगवाला ती जोडून देतो. ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी असते, पण ती तुटली तर इथला वेल्डिंगवाला हात लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. पातळ ॲल्युमिनियम जोडणं हे वेगळं यंत्र आणि वेगळा हात मागणारं काम आहे. म्हणून दुकानात शिरण्याआधी आपल्या मिस्त्रीकडे जा. त्याला विचारा की कोणत्या सायकली तुझ्याकडे सारख्या येतात आणि कोणत्या वर्षावर्षात येत नाहीत. जाहिरातीपेक्षा त्याचा शब्द खरा.

आता टायर. या बाबतीत तडजोड करू नका. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेला सराटा वाळतो. त्याचं फळ कसंही पडलं तरी एक काटा वर राहतोच. त्यात भर वेड्या बाभळीची. कुंपणाला लावलेल्या फांद्या रस्त्यावर येतात, आणि तो काटा टायरच्या आरपार जातो. बारीक टायरची, रेसिंगसारखी दिसणारी सायकल या तालुक्यात ऑक्टोबर ते मे मिस्त्रीच्या दारातच उभी राहील. टायर निदान दीड इंच रुंद हवं. २८ इंची साध्या सायकलीला तेवढं येतंच. २६ इंची चाकाला पावणेदोन ते दोन इंच बरं. त्यापेक्षा रुंद आणि मोठमोठ्या गुट्ट्यांचं टायर घेऊ नका. ते डांबरावर घोंघावतं आणि दम काढतं. मधोमध सलग पट्टी आणि दोन्ही कडांना नक्षी असलेलं टायर तिन्ही रस्त्यांवर चालतं. आत जुन्या ट्यूबची पट्टी कापून घालून घ्या. आपल्याकडचे मिस्त्री हे काम वर्षानुवर्षं करतात, खर्च किरकोळ असतो आणि निम्मे सराटे तिथंच अडतात.

हवा कुठून भरणार, हाही विचार आधी करा. साध्या ट्यूबला रबरी वॉलट्यूब असते. ती उन्हानं कडक होते, चिरते, आणि पंक्चर नसतानाही हवा जाते. मोटारसायकलला असतो तसा व्हॉल्व्ह असलेली ट्यूब बसवून घेतली तर हमरस्त्यावरच्या कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा भरता येते, आणि पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे. फक्त तिथल्या यंत्राला जोर फार असतो. थोडी थोडी भरा, अंगठ्यानं दाबून बघा. किती भरायची तो आकडा टायरच्या बाजूवर छापलेला असतो. मराठवाड्याच्या मे महिन्यात तर टायर तट्ट फुगवून सायकल उन्हात उभी करूच नका.

कॅरिअर. शीर्षक त्याच्यावर आहे, कारण बदनापुरातल्या सायकलचं निम्मं काम मागच्या त्या जाळीवर होतं. दप्तर, डबा, दुधाची कॅन, किराणा, खताची अर्धी गोणी, धाकटा भाऊ. पाठीवर जड दप्तर घेऊन पाच किलोमीटर सायकल मारणाऱ्या पोरीची पाठ दुखणार, घामानं भिजणार. तेच दप्तर मागे बांधलं तर ती मोकळी चालवते. डोंगरी दिसणाऱ्या बहुतेक स्वस्त सायकलींना कॅरिअर नसतं. काहींच्या फ्रेमला ते बसवायला भोकंसुद्धा नसतात. मग सीटच्या नळीला आवळून बसवायचं एक लटकं कॅरिअर माथी मारलं जातं. ओझं टाकलं की ते डावी-उजवीकडे फिरतं. दुकानात सायकल उलटी करून बघा. मागच्या एक्सलजवळ कॅरिअरच्या दांड्या बसवायला जागा नसेल तर ती सायकल परत ठेवा. दुकानदाराशी वाद घालत बसायची गरज नाही.

मडगार्डचंही तसंच. पूर्ण लांबीचं, पत्र्याचं, दोन दांड्यांनी धरलेलं हवं. प्लॅस्टिकची तोकडी पट्टी शोभेची असते. पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची रेघ उमटते. मात्र काळ्या मातीच्या शिवारात राहणाऱ्यांनी एक बघायचं: टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन बोटं तरी जावीत. जवळ बसवलेल्या मडगार्डमध्ये काळा चिखल गच्च भरतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. शेतरस्त्यानं सायकल खांद्यावर मारून आणलेली माणसं गावोगाव भेटतील.

गिअर हवेत का? बहुतेकांना नकोत. हिशेब करून दाखवतो. साध्या सायकलीच्या पुढच्या चक्राला ४४ दाते असतात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २८ इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला तर एका फेऱ्यात सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला ५० फेरे हा निवांत वेग झाला. त्यात तासाला सोळा-सतरा किलोमीटर होतात. पाच किलोमीटरची शाळा अठरा-वीस मिनिटांत. बदनापूरचा परिसर पठाराचा आहे, घाट नाहीत. चढाला किंवा समोरून वारं असताना पाय भरून येत असतील तर १८ ऐवजी २० दात्यांचं फ्रीव्हील बसवून घ्या. वेग थोडा उतरेल, गुडघे वाचतील. मिस्त्रीचं काही मिनिटांचं काम आहे. एवढं सगळं एका गिअरमध्ये होत असताना २१ गिअर घेऊन त्यातले तीनच वापरायचे आणि उरलेल्यांची दुरुस्ती करत बसायचं, यात शहाणपण नाही. रोज पंधरा-वीस किलोमीटरच्या वर जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे पुढे येतो.

ब्रेकवर बोललंच पाहिजे, कारण इथं जीव जातो. जुन्या पद्धतीच्या सायकलीचं रिम लोखंडी, वर चकाकी चढवलेलं असतं. कोरडं असताना रबर त्यावर धरतं. ओलं झालं की नुसतं घसरतं, आणि सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर खाते. पावसात हमरस्ता ओलांडायचा असेल तर ही गोष्ट मुलांना घरातून सांगून पाठवायला हवी: आधीपासून ब्रेक हलका दाबत यायचं, रिम पुसलं जातं, मग तो धरतो. शक्य असेल तिथे ॲल्युमिनियमचं रिम घ्या. फ्रेम पोलादी आणि रिम ॲल्युमिनियमचं, ही जोडी मला सर्वांत पटते. ओल्यात बरं थांबतं, गंजत नाही, आणि त्याला लागणारं ब्रेकचं रबर कुठल्याही दुकानात मिळतं.

माप हा विषय आपल्याकडे कुणी काढतच नाही. ‘वाढत्या अंगाचा आहे’ म्हणून शर्ट मोठा घेतो तशी सायकलही मोठी घेतली जाते. शर्ट मोठा झाला तर बाही दुमडता येते. मोठ्या सायकलवरून पोरीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि ट्रक जवळून गेला की तोल सावरायला पाय खाली टेकवावाच लागतो. तपासायची रीत सोपी आहे. दांड्याची सायकल असेल तर ती दोन पायांत घेऊन उभं राहा. दांडा आणि शरीर यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा हवी. मग सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा. पायडल सर्वांत खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. नव्या शिकाऊ मुलांची सीट थोडी खाली ठेवा, हात बसला की वर घ्या. सीट खाली ठेवून वर्षानुवर्षं गुडघे दुमडून सायकल मारणारी माणसं म्हणतात की सायकलनं गुडघे जातात. गुडघे त्या खालच्या सीटनं जातात.

आणि सायकल घ्यायला ज्याला चालवायची आहे त्याला सोबत न्या. वडील एकटे जाऊन मुलीसाठी सायकल घेऊन येतात, हे बंद झालं पाहिजे.

मुलींचा विषय निघालाच आहे तर तो नीट मांडतो, कारण या सगळ्या लिखाणातलं माझं खरं दुखणं तेच आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळतं. जालना जिल्हा या कार्यक्रमात सुरुवातीपासून आहे. २०२२ मध्ये हे अनुदान ३,५०० वरून ५,००० रुपये झालं. पैसे मुलीच्या खात्यावर येतात, म्हणजे सायकल कोणती घ्यायची हे घरच्यांनी ठरवायचं असतं. ५,००० रुपयांत थोडी भर घातली की कॅरिअर, मडगार्ड, चेनकव्हर असलेली, पोलादी फ्रेमची साधी लेडीज सायकल येते. तेवढ्याच पैशांत अजून दोन-चार हजार टाकून गुलाबी रंगाची, स्प्रिंगची सायकलही येते. पहिली बारावीपर्यंत चालेल आणि मग धाकट्या बहिणीला जाईल. दुसरी नववीतच बसेल. आणि सायकल बसली की काही घरांत मुलीची शाळाही डळमळते. पाच किलोमीटर रोज चालत जा-ये करणं पावसात आणि अंधारात सोपं नाही, आणि घरात ‘कशाला एवढी दगदग’ म्हणणारं कुणीतरी असतंच.

सायकलनं शाळा टिकते, हे मोजून दाखवलेलं आहे. बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत मुलींचं नाव नोंदवण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी वाढलं आणि मुलं-मुली यांच्यातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना दिसलं. शाळा जिथे तीन किलोमीटरपेक्षा लांब होती तिथे परिणाम जास्त होता. बदनापूर तालुक्यातल्या किती वाड्यावस्त्या तीन किलोमीटरच्या पलीकडे आहेत, ते तुम्हीच मोजा. म्हणून मुलीच्या सायकलीत चुकीची खरेदी झाली तर तिचं नुकसान पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठं असतं.

आफ्रिकेतलं एक उदाहरण इथं उपयोगाचं आहे. ‘वर्ल्ड बायसिकल रिलीफ’ ही संस्था २००५ मध्ये सुरू झाली. तिनं झांबिया, केनिया, मलावीसारख्या देशांतल्या कच्च्या रस्त्यांसाठी ‘बफेलो’ नावाची सायकल तयार केली. पोलादी फ्रेम, जाड तारा, जाड टायर, एकच गिअर, मागे शंभर किलो वाहणारं पक्कं कॅरिअर. स्प्रिंग नाही, डिस्क नाही. सायकलीबरोबर संस्थेनं गावोगाव मिस्त्रीही तयार केले, त्यांना हत्यारं दिली, सुटे भाग पोहोचवले. जगातल्या उत्तम गिअर बनवणाऱ्यांपैकी एका कंपनीच्या संस्थापकांचा या कामात हात होता, आणि त्यांनी गिअरशिवायची सायकल निवडली. आपल्याकडे ती सायकल आधीपासूनच होती. लुधियानात हिरो सायकल्स १९५६ मध्ये उभी राहिली, मद्रासेत टीआय सायकल्स १९४९ मध्ये, सोनिपतला ॲटलास १९५१ मध्ये. या कारखान्यांच्या काळ्या सायकलींवर पोस्टमन फिरला, दूधवाला फिरला, मास्तर फिरले. ३ जून हा जागतिक सायकल दिन. २०२० साली त्याच दिवशी ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. काळी सायकल मागास आणि रंगीत सायकल आधुनिक असं आपण ठरवून टाकलं, त्याचाही यात वाटा आहे असं मला वाटतं.

२०११ च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामांवर जाणाऱ्या भारतीयांपैकी साधारण १३ टक्के सायकलनं जात होते, आणि २२ टक्क्यांच्या वर चालत. एवढ्या मोठ्या वर्गासाठी रस्ते, दुकानं, जाहिराती काहीच बोलत नाहीत. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलं झालं. आता दुकानदाराला बिलावर तो दाखवायला सांगा.

आता हौसेची सायकल. रविवारी पहाटे संभाजीनगरकडून, जालन्याकडून हेल्मेट घातलेले सायकलस्वार येताना दिसतात. चांगली गोष्ट आहे. त्यांना बघून इथल्या तरुणांनाही हौस वाटते, आणि मग प्रश्न येतो की कामाची एक आणि हौसेची एक अशा दोन सायकली घ्यायच्या का. नको. सोमठाण्याच्या रेणुकामातेच्या गडाकडे जायला आणि अप्पर दुधना धरणाच्या काठी पहाट बघायला कामाचीच सायकल पुरते. शेवटच्या चढाला उतरून ढकला, त्यात कमीपणा नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीला लोक पायी जातात. सायकलनं तर ते अंतर अर्ध्या दिवसात जाऊन-येऊन होतं.

ज्यांना खरोखर रोज जालन्याला वीस किलोमीटर जायचं आहे, किंवा महिन्यातून दोनदा संभाजीनगरपर्यंत मारायची आहे, त्यांनी हायब्रीड प्रकारची सायकल बघावी. पंधरा ते पंचवीस हजारांत बरी मिळते. पुढचं चिमट्याचं फॉर्क कडक, स्प्रिंगविना असलेलं घ्या. टायर ३५ ते ४२ मिलिमीटर. गिअर मागे सात-आठ पुरतात. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायची सोय असलीच पाहिजे. नवी सायकल महिनाभर चालवली की तारा सैल पडतात. त्या ताणून घेतल्याच पाहिजेत, नाहीतर चाकाला जो आऊट येतो तो कायमचा. विजेवर चालणाऱ्या सायकलींबद्दलही विचारणा होते. २५० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतची असेल तर परवाना लागत नाही. वयस्कर माणसांना, गुडघे दुखणाऱ्यांना ती वरदान आहे. पण घेण्याआधी दोन गोष्टी लिहून घ्या: बॅटरी बदलायची वेळ आली तर किंमत किती, आणि दुरुस्ती जालन्यात होते की कुठे पाठवावी लागते.

कितीही चांगली सायकल घेतली तरी रस्ता आहे तोच आहे. जालन्याच्या कारखान्यांतली लोखंडी सळई भरलेले ट्रक याच हमरस्त्यानं जातात. हिवाळ्यात त्यात उसाच्या ट्रॉल्या येतात, अनेकींना मागे दिवासुद्धा नसतो. तालुक्यातूनच ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला. मुंबई-नागपूर जोडली गेली, पण त्यावर सायकलीला आणि दुचाकीला प्रवेश नाही. आत जाऊ नका हे ठीकच आहे. पण गावातून शाळेत जाणाऱ्या पोरीला हमरस्ता कुठून ओलांडायचा, याचं उत्तर तिला कुणीतरी द्यायला हवं. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. मागे लाल रिफ्लेक्टर, दोन्ही चाकांत आणि पायडलला रिफ्लेक्टर असल्याशिवाय सायकल घेऊ नका. रिफ्लेक्टर मानकाप्रमाणे असावेत असा केंद्र सरकारचा २०२० चा आदेश आहे. दुकानदार टाळायला लागला तर त्याला आठवण करून द्या. अंधारात शाळेतून परतणाऱ्या मुलांच्या सायकलीला मागे लुकलुकणारा छोटा दिवा लावा. ट्रक चालवणाऱ्याला तुमची सायकल लांबून दिसली तरच तो वेळेत बाजूला घेईल.

मुख्याध्यापकांनी शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या पंधरवड्यात एक दिवस गावातल्या मिस्त्रीला शाळेत बोलवावं. ब्रेक, हवा, सीटची उंची, रिफ्लेक्टर बघून घ्यावं. त्याची मजुरी शाळेनं द्यावी. खर्च क्षुल्लक आहे. आणि बदनापूर नगरपंचायतीला जाहीर विनंती आहे: स्टेशन, बसस्थानक आणि तहसील कार्यालय या तीन ठिकाणी सावलीचं, सायकल साखळीनं बांधता येईल असं पक्कं स्टँड उभं करा, शाळांसमोर हमरस्त्यावर वेग आवरणारे पट्टे आणि दिवे मागून घ्या, आणि हे काम पावसाळा तोंडावर येण्याआधी पूर्ण करा.